चाकांवरची खोली सांभाळताना

दसरा उलटला की भिलाईच्या सेक्टरांमधल्या मराठी घरांत नागपूर-भंडाऱ्याकडे जाण्याची बोलणी सुरू होतात. पोलाद कारखान्यात नोकरी लागली म्हणून वडील किंवा आजोबा इथे आले, क्वार्टर मिळाले, मुले इथल्याच शाळांत शिकली. पण भाऊबीज मात्र अजून विदर्भातच होते. आगगाडीचे आरक्षण मिळाले तर उत्तम, नाहीतर सडक आहेच. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा आणि नागपूर असा हा सुमारे २६० किलोमीटरचा रस्ता. कागदोपत्री पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. भिलाईत अजूनही जी. ई. रोडच.

या बोलण्यांत एखाद्या घरी एक नवी हौस डोकावते. दारात जुनी व्हॅन उभी असते. मागच्या भागात फळी टाकली, वर गादी पसरली, एक छोटा पंखा आणि दिवा लावला, तर नवेगावबांधला तलावाकाठी एखादी रात्र काढता येईल, असे कुणाच्या तरी मनात येते. मुलांना त्यात गंमत वाटते, आजींना पाय लांब करायला जागा मिळेल असे वाटते, आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या गृहस्थांना तर काय, हातोडी-पक्कड घेऊन चार महिने रमण्याचे निमित्तच मिळते.

परदेशात यासाठी कॅम्पर ट्रेलर वापरतात. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची ही छोटीशी खोली असते. मुक्कामी पोहोचल्यावर ती सोडून ठेवायची आणि मोटार घेऊन फिरायचे. आपल्याकडे ट्रेलर म्हटले की भिलाईकरांच्या डोळ्यांसमोर पोलादाची गुंडाळी लादलेला लांबलचक मालवाहू येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात एका आसाचे आणि दोन आसांचे कॅराव्हॅन, तंबू ट्रेलर, घडीचे ट्रेलर, कॅम्पर ट्रेलर अशा सगळ्यांची नावे आहेत. पण मागे ओढायचा ट्रेलरसुद्धा कायद्याने वाहनच ठरतो आणि त्याचीही नोंदणी लागते. त्यामुळे सामान्य घरातली ही हौस बहुतेक वेळा व्हॅनवरच भागवली जाते. सांभाळण्याचे नियम दोन्हींना जवळजवळ सारखेच आहेत. जिथे ट्रेलरचे वेगळे आहे, तिथे तसे सांगितले आहे.

लोखंडाचा मोह

भिलाईत अशी गाडी सजवायला घेतली की पहिली चूक ठरलेली असते. ती म्हणजे लोखंड. इथे वेल्डर गल्लीत भेटतो, अँगल आणि पत्रा हाताशी असतो, हथखोजला किंवा नंदिनी रोडला कुणाचा तरी ओळखीचा कारखाना असतो. आयुष्यभर ज्याने टनांत मोजले, त्याला साठ किलोचे काय वाटणार? मग बिछान्याची चौकट अशी दणकट होते की तिच्यावर घोडा उभा करावा.

जरा हिशेब मांडून पाहू. ४० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला ३ किलो भरतो. बिछाना, खालचे कप्पे आणि वरचा कॅरियर मिळून २० मीटर लागला तर ६० किलो झाले. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तावच ३५ किलोच्या आसपास असतो. असे दीड ताव म्हणजे आणखी ५०. घरचा गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलो. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन ४० किलो. इन्व्हर्टरची म्हणून आणलेली मोठी बॅटरी पुन्हा ३०. बेरीज २१० किलोंवर गेली. म्हणजे घरातले कुणी बसायच्या आधीच तीन मोठी माणसे गाडीत बसून झाली.

याचा परिणाम उभ्या गाडीत जाणवत नाही. तो जाणवतो तो बस्तरकडे जाताना केशकालच्या घाटात, उतारावर ब्रेक दाबल्यावर. वजन वाढले की गाडी थांबायला जास्त अंतर लागते, ब्रेक तापतात, मागचे टायर दबतात आणि पुढचे हलके झाल्याने स्टिअरिंग सैल लागते. छपरावर लादलेल्या वजनाने तर वळणावर गाडी कलते.

तीच सोय कमी वजनात होऊ शकते. चौकटीला २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाडीचा अँगल पुरतो. तो मीटरला साधारण १.१ किलो आहे आणि खालून नीट आधार दिला तर दहा मीटरांत भागते. फळीला १२ मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे, तेही एकच ताव, तीन भागांत कापून. ५ किलो गॅसचा छोटा सिलिंडर, पाण्याचा एकच कॅन (वाटेत भरता येतो), आणि बॅटरी छोटी. हे सगळे मिळून ८० किलोंच्या आत बसते. अँगलच्या कडा कानशीने घासून त्यांवर रबर चढवायला मात्र विसरू नये. अंधारात लागणाऱ्या नडगीला तो अँगल ४०चा की २५चा हे कळत नसते.

शंका असेल तर सामान भरलेली गाडी एकदा धर्मकाट्यावर न्यावी. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर त्यांना तोटा नाही. संपूर्ण गाडीचे आणि मग पुढच्या-मागच्या चाकांचे वेगवेगळे वजन करून ते गाडीच्या पुस्तिकेतल्या कमाल वजनाशी ताडून पाहावे. घरच्या माणसांचे वजन त्यात मिळवायचे आहे हे लक्षात ठेवून. ट्रेलर असेल तर आतले सामान असे मांडावे की एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा मोटारीला जोडणाऱ्या आकड्यावर येईल. सगळे ओझे मागच्या टोकाला गेले तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो, आणि एकदा डोलू लागला की अनुभवी चालकालाही तो आवरत नाही. आकड्याशिवाय एक सुटी साखळीही हवी आणि ती दर वेळी अडकवलीच पाहिजे.

इथे कायद्याचाही एक मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून जागच्या सीट कायमच्या काढणे, छप्पर कापणे, पत्र्याला मोठी खिडकी पाडणे हे परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय करू नये. शहाणपणाचा मार्ग असा की जे काही करायचे ते नट-बोल्ट सोडून दोन माणसांना उचलून ठेवता येईल असे करावे. गाडी सोमवारी पुन्हा बाजारहाटाला न्यायची असतेच!

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवून टाकावी: गाडी चालू असताना त्या बिछान्यावर कुणीही झोपायचे नाही. मुले हट्ट करतात, "आजी दमली आहे" असेही होते. पण पट्ट्याविना आडव्या झोपलेल्या माणसाला जोराचा ब्रेक लागला तर अडवणारे काही नसते. प्रवासात बसून, पट्टा लावून. बिछाना फक्त मुक्कामाला.

न दिसणारा, वास नसणारा

घरातल्या खोलीत आणि चाकांवरच्या खोलीत खरा फरक हवेचा आहे. घरात दाराखालून, खिडकीच्या फटींतून हवा खेळत राहते. व्हॅनमध्ये चार माणसे दारे लावून झोपली की ती पेटीच होते, आणि त्या पेटीखाली इंजिन व सायलेन्सर असतात.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरमधून आलेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत साठला होता, असे तपासात निष्पन्न झाले. झटापट नाही, आग नाही. झोपेतच सारे संपले.

या वायूची ओळख भिलाईकरांना करून द्यायला नको. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत तो मोठ्या प्रमाणात असतो आणि गॅसच्या भागात काम करणारे त्याचे मॉनिटर सोबत बाळगतात. १२ जून २०१४ च्या संध्याकाळी कारखान्यात गॅसगळती होऊन सहा जण दगावले, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. त्या दिवसाच्या आठवणी इथल्या कित्येक घरांत आहेत. नवल हे, की कारखान्यात इतकी दक्षता बाळगणारा माणूस सुटीवर गेला की व्हॅनच्या काचा चढवून, एसीसाठी इंजिन चालू ठेवून निर्धास्त झोपतो. वायू तोच असतो. फक्त कारखान्यात भोंगा असतो आणि गाडीत नसतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, म्हणून तो गळला की नाकाला कळते. इथे तीही सोय नाही. श्वासातून रक्तात गेला की तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. प्रवासात ही लक्षणे कुणालाही होतात आणि "गाडी लागली असेल, झोप जरा" असे म्हणून आपण नेमके नको तेच सांगतो. गाडीतल्या एकाहून अधिक माणसांचे डोके एकदम दुखू लागले तर गाडी लागली असे समजूच नये. दारे सताड उघडावीत, सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे, इंजिन किंवा शेगडी बंद करावी आणि दवाखाना गाठावा. मोकळ्या हवेत बरे वाटले म्हणून पुन्हा आत जाऊन झोपणे घातक आहे.

तेव्हा नियम साधे आणि न मोडण्याचे. झोपताना इंजिन बंद. जनरेटर नको, नेलाच तर गाडीपासून लांब आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. थंडीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली आत आणायची नाही, विझल्यासारखी दिसली तरी. डिसेंबर-जानेवारीत छत्तीसगडच्या डोंगराळ भागात चांगलीच थंडी पडते आणि मोह होतो, पण जादा रजई घ्यावी. समोरासमोरच्या दोन काचा किमान दोन-दोन बोटे उघड्या ठेवाव्यात, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाते. एकच काच उघडी ठेवून भागत नाही. याखेरीज बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर विकत मिळतो, तो झोपणाऱ्यांच्या डोक्याच्या पातळीला लावावा. हा वायू हवेइतक्याच वजनाचा असल्याने खाली बसत नाही की वर जात नाही, सगळीकडे मिसळतो. गादीवर आणि पडद्यांवर हौसेने खर्च करणाऱ्यांनी या एका वस्तूत काटकसर करू नये.

दुरुस्तीचा भागही इथेच येतो. वर्षातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी सायलेन्सर खालून नीट पाहून घ्यावा. गंजाचे भोक, निखळलेला जोड, काजळीचा काळा डाग ही गळतीची खूण. मोकळ्या मैदानात इंजिन चालू करून, जाड ओल्या फडक्याने धुराड्याचे तोंड क्षणभर दाबले की गळती असेल तिथून फुसफुस ऐकू येते; हात भाजणार नाही एवढे पाहावे. मग मागच्या दाराचे रबर. एक पोस्टकार्ड किंवा जुने लग्नपत्र दारात धरून दार लावावे आणि ते ओढून पाहावे. सहज सुटून आले तर तिथे रबर बसले आहे, धूर आत येऊ शकतो. असे दाराच्या चारही बाजूंनी वीतभर अंतरावर करत जावे. रबर बदलण्याचे काम घरीही होते: जुने ओढून काढायचे, खाच स्पिरिटने पुसायची आणि नवे वरच्या मधल्या बिंदूपासून दाबत आणायचे. जोड खालच्या बाजूला यावा.

स्वयंपाक बाहेर करावा, जमिनीवर किंवा घडीच्या टेबलावर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर गाडीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. नळीवरची मुदत छापलेली असते, ती पाहावी. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघावे. काडी ओढून नव्हे. झोपण्याआधी रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावावी. एक किलोचे पावडरचे अग्निशामक पुढच्या सीटजवळ, हाताला येईल असे ठेवावे. सामानाखाली दडवलेले कामाला येत नाही.

दोन दिवे, एक पंखा

विजेच्या बाबतीत लोकांचा अंदाज दोन्हीकडे चुकतो. कुणी गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर पंखा चालवतात आणि सकाळी धक्का मारायला माणसे शोधतात. कुणी घरभराचा इन्व्हर्टर उचलून आणतात. ५ वॅटचा एक दिवा चार तास आणि १५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे १४० वॅट-तास, बारा व्होल्टच्या हिशेबाने सुमारे १२ अँपिअर-तास. साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून २४ अँपिअर-तासांची तरी हवी. ४०ची घेतली तर फोन भरायलाही राहते. ती मूळ बॅटरीला नुसती तारेने जोडू नये. मध्ये रिले किंवा आयसोलेटर घातला की इंजिन चालू असताना दोन्ही भरतात आणि बंद झाल्यावर दुसरी वेगळी होते.

तार ओढताना सर्वांत महत्त्वाची वस्तू पाच-दहा रुपयांची आहे, ती म्हणजे फ्यूज. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच बसवावा. पुढे कुठे तार पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूज उडतो. तो नसला तर तार तापून लाल होते आणि तिच्या शेजारी गादी असते. पत्र्याच्या भोकातून तार नेताना भोकात रबराची बांगडी घालावी. पिळा मारून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही घरगुती सवय चालत्या गाडीत टिकत नाही, हादऱ्यांनी जोड सैल होतो. लग घालून पकडीने दाबलेला जोडच धरतो. पाणी घालायची बॅटरी झोपण्याच्या जागेत उघडी ठेवू नये. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. झाकणाच्या खोक्यात ठेवून खोक्याची नळी बाहेर काढावी.

जाळ्या शिवणे हे या सगळ्यांतले सर्वांत आनंदाचे काम. खिडकीवर वर्तमानपत्र धरून आकार कापावा, मच्छरदाणीची जाळी त्याहून सर्व बाजूंनी दोन इंच मोठी घ्यावी, कडेला कापडी पट्टी शिवावी आणि पट्टीत वीतभर अंतरावर चपटी लोहचुंबके घालून टाके मारावेत. पत्र्याच्या चौकटीला ती आपसूक चिकटते आणि सकाळी काढून घडी करता येते. आतून प्लास्टिकचे आवरण असेल तिथे चुंबक धरणार नाही, तिथे वेल्क्रो. तलावाकाठी मुक्काम करणाऱ्यांना या जाळीची किंमत पहिल्याच संध्याकाळी कळते, आणि काचा दोन बोटे उघड्या ठेवण्याला मग कुणी कुरकुर करत नाही.

पाऊस, ऊन आणि चाके

भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लगेच जूनच्या मध्यावर पाऊस येतो. उन्हाने तडकलेले रबर आणि सीलंट पहिल्याच सरीत उघडे पडते. कॅरियरसाठी छपराला पाडलेली भोके हे गळतीचे मुख्य ठिकाण. पाऊस यायच्या आधी एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने पाण्याचा पाइप खालून वर सरकवत मारावा. वरून सुरुवात केली तर पाणी नेमके कुठून शिरले ते कळत नाही. ओल दिसली तिथे खडूने खूण करावी. जुने सीलंट खरवडल्याशिवाय वर नवे भरू नये, ते धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन न्हाणीघराच्या फरशीला ठीक, पण त्यातून निघणारे आम्ल पत्र्याला गंज आणते. पत्र्यासाठी वास नसणारे न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन मागून घ्यावे. गंज दिसला तर तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासून, रेड ऑक्साइड आणि मग रंग. छपराला आतून थर्मोकोल लावण्याची पद्धत आहे, ती टाळावी. तो झपाट्याने पेटतो आणि धूर विषारी होतो. नायट्राइल रबराची ताव मिळतात, ती बरी. आणि उन्हावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पांढरे छप्पर.

टायरचे आयुष्य नक्षीवरून ठरवण्याची आपल्याला सवय आहे. पण अशा गाड्या वर्षातले बरेच दिवस उभ्या असतात, त्यांची नक्षी झिजतच नाही, रबर मात्र वाळत जाते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षे झाली असतील, बाजूला केसासारख्या चिरा असतील, तर नक्षी कितीही चांगली दिसली तरी लांबच्या प्रवासाला तो नको. स्टेपनीचेही आकडे बघावेत. बहुतेक वेळा तीच सर्वांत म्हातारी निघते. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी, आणि भरलेल्या गाडीसाठी पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते आणि मग घाटात तापून उकळते, म्हणून दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

चाकांची परीक्षा मात्र घरी होत नाही. ती करायला राजनांदगाव सोयीचे आहे. भिलाईहून निघाल्यावर तासाभरात तिथे चहा होतोच. ब्रेक फार न मारता हलकेच थांबावे आणि चहाच्या आधी चारही चाकांच्या मधोमध, हबजवळ, हाताचा उलटा तळवा न्यावा. सगळी साधारण सारखी कोमट असावीत. एकच चाक जास्त तापले असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे. ट्रेलरच्या बाबतीत ही तपासणी दुप्पट महत्त्वाची, कारण ट्रेलरच्या बेअरिंगचा आवाज पुढे बसलेल्यांना येतच नाही. ट्रेलरच्या बेअरिंगचे ग्रीस वर्षातून एकदा पूर्ण काढून नवे भरावे. जुन्यावर नवे थापणे म्हणजे भांडे न विसळता त्यात दूध घेण्यासारखे आहे. राजनांदगावात काही आढळले तर मिस्त्री मिळतो, घर जवळ असते. पुढे जंगलाच्या पट्ट्यात रात्री तशी सोय नाही. मुक्कामही निर्जन कडेला करू नये. जिथे परवानगी आहे अशा पर्यटन संकुलात, नाहीतर मालकाला विचारून वर्दळीच्या ढाब्याच्या किंवा पेट्रोलपंपाच्या आवारात करावा.

परत आल्यावर घरचे सगळे दमलेले असतात आणि गाडी तशीच उभी राहते. नेमके याच आठवड्यात तिचे निम्मे नुकसान होते. पाण्याचा कॅन रिकामा करून उलटा वाळवावा. गादी फोमची असो की कापसाची, खोळ काढून दोन दिवस गच्चीवर ऊन द्यावे. झोपलेल्या माणसांच्या श्वासाची ओल तिच्या खालच्या बाजूला जमते आणि फळीला बुरशी धरते. फळीला एक-एक इंचाची दहा-बारा भोके पाडली असतील तर हा त्रास कमी होतो. दुसऱ्या बॅटरीची तार सोडावी आणि महिन्यातून एकदा ती भरावी. गजराचे बटण दाबून आवाज येतो का ते पाहावे. हातमोज्यांच्या कप्प्यात एक वही असू द्यावी आणि तिच्यात टायरचे आकडे, ग्रीस भरल्याची, ब्रेकचे तेल बदलल्याची आणि गॅसच्या नळीच्या मुदतीची तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दसऱ्याला ती वही उघडली की कामाला कुठून सुरुवात करायची ते कळते.